गाडीवरचा कर धुराच्या मापाने लावला तर? आपल्या गाडीचा हिशोब स्वतः मांडण्याची रीत

महाराष्ट्रात खासगी मोटारीवरचा एकरकमी कर किमतीवर ठरतो. पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२, त्यापुढे १३. डिझेलला याच टप्प्यांवर १३, १४ आणि १५. सीएनजीचा दर यापेक्षा कमी आहे, पण जुलै २०२५ पासून तो एका टक्क्याने वाढला. त्याच वेळी कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली. इंधनाचा प्रकार सोडला, तर या सगळ्यात धूर कुठेच नाही. धुरावर कर लावा, असे नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत अडकलेल्या कुणालाही वाटते. पण तो कर न्याय्य ठरेल का आणि त्याने धूर खरेच कमी होईल का, हे आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी आरसी, कर भरल्याची पावती, पीयूसी, दोन महिन्यांच्या इंधनाच्या पावत्या आणि एक वही एवढे पुरते.

आधी दोन धूर वेगळे करा

सायलेन्सरमधून येणाऱ्या सगळ्याला आपण धूर म्हणतो, पण कराच्या दृष्टीने ते दोन वेगळे प्रश्न आहेत.

पहिला कार्बन डायऑक्साइडचा. तो जळलेल्या इंधनाच्या प्रमाणातच निघतो, कुठलाही फिल्टर त्याला अडवत नाही, आणि तो कसारा घाटात सुटला काय किंवा गंगापूर रोडला, हवामानावरचा परिणाम तोच. दुसरा प्रश्न सूक्ष्म कण, नायट्रोजनचे ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन यांचा. हे इंजिनाची पिढी, धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि देखभाल यांवर अवलंबून असते आणि शेजारून चालणाऱ्याच्या फुप्फुसात जाते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात नाशिकचे नाव आहे ते या दुसऱ्या धुरामुळे.

दोन्ही एका मापात घातले की काय होते, ते आयर्लंडने भोगले आहे. तिथे जुलै २००८ मध्ये मोटारींचा कर कार्बन डायऑक्साइडवर बांधला. डिझेल गाडी त्याच अंतराला कमी इंधन जाळते, म्हणून तिचा कर उतरला आणि काही वर्षांतच नव्या गाड्यांत डिझेलचे वर्चस्व झाले. दर किलोमीटरचा कार्बन कागदावर घटला, शहरांत मात्र नायट्रोजनचे ऑक्साइड सोडणाऱ्या गाड्या वाढल्या. शेवटी जानेवारी २०२० पासून नायट्रोजनच्या ऑक्साइडवर वेगळा आकार बसवावा लागला. म्हणून वहीत सुरुवातीलाच दोन रकाने आखा.

पहिला रकाना: कार्बन

कंपनीने छापलेले अॅव्हरेज घेऊ नका. ते प्रयोगशाळेत रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगाच्या चक्रावर मोजतात. सिडकोतले गतिरोधक आणि उन्हाळ्यातला एसी त्यात येत नाहीत. डॅशबोर्डवरचा आकडाही बहुधा थोडा चढाच असतो.

टाकी फुल करा, पहिल्यांदा नोजल आपोआप बंद पडेल तिथे थांबा आणि ओडोमीटरचे रीडिंग लिहा. नेहमीसारखी गाडी चालवा. पुन्हा त्याच पंपावर, जमल्यास त्याच नोजलवर फुल करा. दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने मधल्या किलोमीटरना भागले की खरे अॅव्हरेज मिळते. असे किमान तीनदा करून एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर असे काढा. तीन अॅव्हरेजची सरासरी काढू नका, कारण कमी अंतराची एक फेरी तो आकडा उगाच ओढून नेते. सगळ्यात जास्त चूक होते ती नोजल थांबल्यावर "काठोकाठ" भरून घेण्यात, कारण एक-दोन लिटरचा फरक तिथेच पडतो. सीएनजी किलोत मोजा. गाडी चालू होताना आणि सिलिंडर संपल्यावर लागणारे पेट्रोल वेगळे लिहा. गॅस भरण्याच्या रांगेमुळे बऱ्याच गाड्या पेट्रोलवर बऱ्यापैकी धावतात आणि हे हिशोबातून सुटते.

आता गुणक, म्हणजे इंधनाच्या एका मापामागे किती वायू निघतो तो आकडा. शुद्ध पेट्रोलच्या एका लिटरमधून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. इंधनाच्या वजनापेक्षा वायूचे वजन जास्त कसे, असा प्रश्न हमखास येतो. लिटरभर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास भरते आणि त्यातला बहुतेक भाग कार्बन असतो. जळताना १२ ग्रॅम कार्बनला हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन चिकटतो, म्हणून वजन वाढते. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्यासाठी लिटरला २.१५ किलो धरा. डिझेलला लिटरमागे २.७ आणि सीएनजीला किलोमागे २.७. गुणकाला १००० ने गुणून अॅव्हरेजने भागा, म्हणजे दर किलोमीटरचे ग्रॅम मिळतील.

१६ चे अॅव्हरेज देणारी पेट्रोल हॅचबॅक १३४ ग्रॅम सोडते, १३ देणारी डिझेल एसयूव्ही २०८, किलोला २४ जाणारी सीएनजी गाडी ११३ आणि ४५ देणारी मोटारसायकल ४८. लिटरला ४ किमी धावणारी डिझेल सिटी बस ६७५ ग्रॅम सोडते, पण तिच्यात ३० माणसे असली की माणशी २३ ग्रॅमही पडत नाहीत.

विजेच्या गाडीला शून्य लिहू नका. मीटरवरच्या युनिटमागे देशाच्या ग्रिडचा, म्हणजे वीजजाळ्याचा, साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा (पुढे कार्बन म्हणजे हाच वायू). युनिटला ६ किमी जाणाऱ्या गाडीचे सुमारे ११७ ग्रॅम होतात. तो धूर रस्त्यावर दिसत नसला, तरी एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची धुरांडी नाशिक तालुक्यातच आहेत. अर्थात पेट्रोलच्याही शुद्धीकरणात आणि टँकरच्या वाहतुकीत कार्बन निघतो, तो वरच्या १३४ मध्ये धरलेला नाही. छतावरच्या सौर पॅनेलवर दिवसा चार्जिंग होत असेल तर विजेच्या गाडीचा आकडा बराच उतरतो.

कराचा भाव टनात काढा

इथे खरे चित्र दिसते. एकरकमी कर १५ वर्षांत वाटा आणि वर्षाच्या टनांनी भागा.

७ लाखांच्या त्या पेट्रोल हॅचबॅकला ११ टक्क्यांनी ७७,००० रुपये कर, म्हणजे वर्षाला ५,१३३. ती इंदिरानगरातून शाळा आणि बाजारापुरती वर्षाला ६,००० किमी फिरली, तर ८०४ किलो कार्बन सोडते. टनामागे कर पडला सुमारे ६,४०० रुपये. तेच मॉडेल दुसऱ्या कुणी मुंबईच्या खेपा करत वर्षाला २४,००० किमी पळवले, तर कार्बन चौपट, कर तेवढाच, आणि टनाचा भाव १,६०० रुपये. १५ लाखांच्या डिझेल एसयूव्हीला १४ टक्क्यांनी २,१०,००० म्हणजे वर्षाला १४,००० रुपये. १५,००० किमीला ३.१२ टन धरले, तर टनामागे सुमारे ४,५०० रुपये. आणि विजेच्या गाडीला राज्यात करमाफी आहे, म्हणजे शून्य.

एवढ्या आकडेमोडीतून आमचे मत पक्के होते: खरेदीच्या दिवशी एकदाच घेतलेला कर, मग तो किमतीवर असो वा ग्रॅमवर, जास्त चालवणाऱ्याला सूट देतो आणि कमी चालवणाऱ्याकडून ती वसूल करतो. कार्बनचा कर घ्यायचाच असेल तर त्याची रास्त जागा इंधन आहे. तो आपोआप किलोमीटरनुसार वाढतो, चुकवता येत नाही आणि ब्रेक-क्लचवरच्या सवयीही सुधारतो. लिटरला एक रुपया वाढला की पेट्रोलवर टनामागे सुमारे ४६५ रुपये पडतात, डिझेलवर फक्त ३७०. म्हणजे दोन्हींवर सारखा भार हवा असेल, तर लिटरमागे डिझेलवर जास्त कर हवा. राज्यात मूल्यवर्धित कर पेट्रोलवर २५ टक्के अधिक लिटरला ५.१२ रुपये आणि डिझेलवर २१ टक्के असा आहे, म्हणजे नेमका उलटा.

दुसरा रकाना: श्वासातला धूर

आरसीवर किंवा एमपरिवहन अॅपमध्ये भारत स्टेजची (बीएस, म्हणजे गाडीच्या धुरावरच्या सरकारी मर्यादांचा टप्पा) नोंद पाहा. डिझेल मोटारीला सूक्ष्म कणांची मर्यादा बीएस-३ मध्ये किलोमीटरला ५० मिलिग्रॅम होती, बीएस-४ मध्ये २५, आणि एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मध्ये ४.५. नायट्रोजनचे ऑक्साइड अनुक्रमे उतरले ५०० वरून २५० आणि मग ८० वर. म्हणजे २०१० मधली एक बीएस-३ डिझेल गाडी नियमात चालत असली, तरी कणांच्या बाबतीत अकरा नव्या गाड्यांएवढी भरते. मर्यादेला वर्षाच्या किलोमीटरने गुणा आणि लिहा: १०,००० किमीला बीएस-३ चे अर्धा किलो कण, बीएस-६ चे ४५ ग्रॅम.

पीयूसीचे आकडे या रकान्यात घेऊ नका, हे मुद्दाम सांगतो. पेट्रोल गाडीची तपासणी उभ्या गाडीवर, आयडलिंगला, म्हणजे इंजिन नुसते चालू ठेवून होते. बीएस-४ आणि पुढच्या मोटारीला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागते. डिझेलला रेस देऊन फक्त धुराचा दाटपणा पाहतात. नायट्रोजनचे ऑक्साइड कुठेच मोजले जात नाहीत. डीपीएफ (कण अडवणारा फिल्टर) कापून काढलेली किंवा ईजीआर (नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा) बंद केलेली गाडीही उत्तीर्ण होऊ शकते. त्यामुळे पीयूसीच्या निकालावर कर बांधायचा प्रस्ताव आला, तर त्याला विरोध करा.

पीयूसीचा उपयोग दुरुस्तीसाठी आहे. इंजिन पूर्ण तापल्यावरच तपासणीला लावा, थंड इंजिनात कन्व्हर्टर कामच करत नाही. कार्बन मोनॉक्साइड जास्त आले तर आधी एअर फिल्टर आणि ऑक्सिजन सेन्सर पाहा, हायड्रोकार्बन वाढले तर प्लग आणि कॉइल. लॅम्डा (हवा आणि इंधन यांच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ च्या बाहेर गेला तर सायलेन्सरच्या जोडात गळती आहे का ते तपासा. डिझेलचा काळा धूर बहुधा फिल्टर, टर्बोच्या पाइपची गळती किंवा इंजेक्टरचे झिजलेले नोजल यांतून येतो. डिझेल इंजेक्टर सातपूरमध्येच बनतात, पंप-नोजलची जाण असलेले कारागीर शहरात मिळतात. टेस्ट बेंचवर तपासून घेतल्याशिवाय नोजल बदलू नका.

राज्याने २०१० मध्ये पर्यावरण कर आणला तो याच धुरासाठी. १५ वर्षे झालेल्या दुचाकीला पाच वर्षांचे २,०००, पेट्रोल मोटारीला ३,००० आणि डिझेलला ३,५०० रुपये, असे सुरुवातीचे दर होते. भरण्याआधी परिवहन पोर्टलवर आजचा दर पाहा. हेतू बरोबर असला तरी माप कच्चे आहे. आठवड्यातून दोनदा भाजीला निघणारी स्कूटर आणि रोज अंबडला जाणारी स्कूटर, दोघींना एकच रक्कम. आणि सुरुवातीच्या दराने जुन्या डिझेल गाडीला पडतात वर्षाला ७०० रुपये, ज्यांनी कुणी गाडी मोडीत काढत नाही. वय, भारत स्टेज आणि फेरनोंदणीच्या वेळी नोंदवलेले किलोमीटर, तिन्ही धरले तर हा कर सुधारेल. ओडोमीटर मागे फिरवला जातो, म्हणून विम्याच्या नूतनीकरणातही रीडिंगची नोंद सक्तीची हवी.

नवा प्रस्ताव आला की काय पाहायचे

दर पायऱ्यांचा आहे की उताराचा, हे आधी बघा. पायरी असली की कंपन्या तिच्या जेमतेम खाली गाडी बसवतात. करासाठी चार मीटरची सीमा ठेवली, तेव्हा डिकी कापलेल्या सेडान बाजारात आल्या. दर ग्रॅमला ठरावीक रुपये, असा सरळ उतार जास्त प्रामाणिक.

मग भार कुणावर पडतो ते पाहा. नव्या गाडीवरचा कर फार चढवला तर लोक जुनी आणखी पाच वर्षे चालवतात आणि दुसरा धूर वाढतो. जुनीवर एकदम चढवला तर निफाड-दिंडोरीचा द्राक्ष-टोमॅटो वाहणारा पिकअपवाला अडचणीत येतो, कारण नव्या गाडीचे हप्ते त्याला झेपत नाहीत. म्हणून जुनी मोडीत काढणाऱ्याला नवीच्या करात मिळणारी सूट आणि जुनीवरची वाढ एकाच तारखेला लागू व्हायला हवी. जमलेला पैसा कुठे जाणार, हेही मसुद्यात लिहिलेले असावे. तो सिटीलिंक या शहर बससेवेच्या फेऱ्या वाढवण्यावर गेला तर ज्याला गाडी परवडत नाही त्यालाही काही मिळते. राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत गेला तर तो फक्त आणखी एक कर.

मसुदा अधिसूचना निघाली की हरकती-सूचनांसाठी मुदत दिलेली असते, केंद्राच्या मसुद्यांत बहुधा ३० दिवस. पत्र मसुद्यात दिलेल्या पत्त्यावर पाठवा. पेठ रोडच्या आरटीओत प्रत दिली तर पोच घ्या. पत्रात अधिसूचनेचा क्रमांक, आक्षेप असलेले कलम, पर्यायी शब्दरचना आणि आपल्या दोन रकान्यांचा तक्ता द्या. मोजणी कोणत्या महिन्यांत केली आणि गुणक कोणते धरले, तेही लिहा. गाडीचा पूर्ण क्रमांक देण्याची गरज नाही. इंधन, भारत स्टेज, नोंदणीचे वर्ष आणि वर्षाचे किलोमीटर पुरतात.