दिव्यांग मुलाच्या नावाची फाईल: कोल्हापुरातील पालकांसाठी

मूल उशिरा बोलू लागले की घरातील वडीलधारी मंडळी "त्याचा बापसुद्धा असाच उशिरा बोलला होता" असे सांगून वेळ काढतात, आणि त्यात हातातले एक-दोन वर्ष निघून जाते. वर्षाचे मूल हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, बोट दाखवून वस्तू मागत नसेल, दोन वर्षांचे झाले तरी "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेले शब्दच पुन्हा नाहीसे होऊ लागले असतील, तर थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करते. पथक कधी येणार हे अंगणवाडी सेविकेला विचारून ठेवावे आणि त्या दिवशी मुलाला आजोळी पाठवू नये. शहरातल्या पालकांनी थेट सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात जावे. बोलण्याची तक्रार असेल तर सर्वांत आधी कानांची तपासणी करून घ्यावी, कारण ऐकू न येणारे मूलही बोलत नाही.

निदानाचे नाव निश्चित होईपर्यंत थेरपी थांबवून ठेवण्याचे कारण नाही. फक्त थेरपी देणाऱ्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे पाहावे. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक आणि पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ यांना असा नोंदणी क्रमांक असतो, आणि तो विचारण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. "तीन महिन्यांत मूल पूर्ण बरे करू" असे सांगणाऱ्याकडे मात्र हा क्रमांक असला तरी जाऊ नये.

दुसरीकडे कागदपत्रांचे काम सुरू करावे. पुढचे जवळजवळ सर्व दरवाजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र) यांनी उघडतात. अर्ज स्वावलंबन या पोर्टलवर भरावा लागतो. त्यासाठी मुलाचे आधार कार्ड, फोटो आणि रहिवासाचा पुरावा लागतो. अर्ज भरण्याआधी जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला शेजारी शेजारी ठेवून नावातील अक्षरे आणि जन्मतारीख ताडून पाहावीत. आमच्या दिव्यांग भावाच्या आधारवर वडिलांच्या नावातील एक वेलांटी चुकली होती आणि ती दुरुस्त होईपर्यंत आमचे चार महिने गेले.

प्रमाणपत्रासाठी होणाऱ्या तपासणीच्या दिवसाविषयी सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक घोटाळे तिथेच होतात. मानसशास्त्रज्ञ मुलापुढे लाकडी पाट ठेवून त्यातील तारा, चौकोन, गोल अशा खाचांत ठोकळे बसवायला सांगतात. उपाशी किंवा झोपमोड झालेले मूल हातातले ठोकळे फेकते, आणि त्याला जे येते तेही दिसत नाही. त्यामुळे डबा, पाणी आणि त्याचे आवडते खेळणे बरोबर घ्यावे. त्यानंतर पालकांना प्रश्न विचारले जातात. माझ्या आईला भावाविषयी विचारले गेले, "स्वतःच्या हाताने जेवतो का?" आई अभिमानाने म्हणाली, "जेवतो की." घरी मात्र भाकरी कुस्करून, आमटीत कालवून, ताट त्याच्या पुढ्यात ओढून दिल्याशिवाय तो घास उचलत नसे. त्या एका "जेवतो की" मुळे त्याची स्वावलंबनाची पातळी कागदावर प्रत्यक्षापेक्षा वरची दिसली. आईची लाज मी समजू शकतो, पण तिथे लाज बाळगू नये आणि वाढवूनही सांगू नये. "हाताने जेवतो, पण कालवून द्यावे लागते" हे पूर्ण वाक्य सांगावे. शक्य असल्यास आठवडाभर आधीपासून सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत त्याला कोठे कोठे मदत लागते, याची टिपणे वहीत ठेवावीत. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तरच बहुतेक सवलती लागू होतात. लहान वयात मिळालेले प्रमाणपत्र बऱ्याचदा मुदतीचे असते, म्हणून मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हे शिक्षण जवळच्या नेहमीच्या शाळेत घ्यायचे की विशेष शाळेत, हे ठरवण्याचा अधिकार कुटुंबाचा आहे. "आमच्याकडे अशी मुले घेत नाहीत" असे उत्तर मिळाल्यास ते लेखी मागावे. लेखी मागितले की उत्तर पुष्कळदा बदलते. नेहमीच्या शाळेतील मुलासाठी समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक तालुक्याच्या गटसाधन केंद्रात भेटतात. विशेष शाळेचा विचार असेल तर शेंडा पार्कमधील चेतना अपंगमती विकास संस्था स्वतः जाऊन पाहावी, आणि मुलाला बरोबर नेऊन त्याला तिथे करमते का तेही पाहावे. दहावीपर्यंत पोहोचणाऱ्या मुलांसाठी लेखनिक, जादा वेळ अशा सवलती असतात. त्यांचे प्रस्ताव शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जातात, म्हणून मुख्याध्यापकांना नववीतच आठवण करून द्यावी.

पैशाच्या बाजूला सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही आरोग्य विमा योजना. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांना तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, आधी वैद्यकीय चाचणी करावी लागत नाही, आणि नियमित थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत परत मिळतो. त्यासाठी प्रत्येक पावती जपावी. नूतनीकरण दरवर्षी करावे लागते, आणि तेच लोक विसरतात. उत्पन्न कमी असल्यास संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करावा. एसटीच्या आणि रेल्वेच्या प्रवासभाड्यात मोठी सवलत आहे. पालकांपैकी कोणी सरकारी नोकरीत असेल, तर स्वतः कमावू न शकणाऱ्या अपत्याला पालकांच्या पश्चात आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. मात्र त्याचे नाव निवृत्तीच्या कागदपत्रांत पालकांच्या हयातीतच नोंदवून घ्यावे, मागाहून ते सिद्ध करत बसणे फार जड जाते.

अठरावा वाढदिवस हा या फाईलमधला सर्वांत मोठा टप्पा आहे. त्या दिवशी मूल कायद्याने सज्ञान होते आणि आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. भावाच्या खात्यातून पैसे काढायला वडील नेहमीप्रमाणे गेले, तेव्हा एका बँकेतल्या अधिकाऱ्याने त्याचीच सही मागितली. भावाला सही येत नव्हती. वडील तसेच परत आले आणि बराच वेळ चप्पलही न काढता सोप्यात बसून राहिले. यावर उपाय राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ मध्ये आहे. वर सांगितलेल्या चार प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते आणि ती कायदेशीर पालकाची नेमणूक करते. अर्ज आई-वडील, भावंडे किंवा इतर नातेवाईक करू शकतात. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब समितीला द्यावा लागतो. या प्रमाणपत्रावर बँकेत खाते उघडता आणि चालवता येते, आणि रिझर्व्ह बँकेने बँकांना तसे कळवलेले आहे. सतराव्या वर्षीच चौकशीला लागावे, आणि पालक म्हणून आई-वडिलांचे नाव लावतानाच त्यांच्यानंतर कोण, हा विषय भावंडांशी बसून बोलून घ्यावा. जो भाऊ किंवा बहीण गप्प राहते, तिला पुन्हा एकदा वेगळे विचारावे.

वडील गेल्यावर ही फाईल माझ्याकडे आली. तिच्यात सर्वांत वर वहीचे फाडलेले एक पान होते, जे आजवर कोणत्याही कार्यालयाने मागितलेले नाही. त्यावर वडिलांच्या अक्षरात फिटच्या गोळीची वेळ, डॉक्टरांचा फोन नंबर आणि खाली असे लिहिलेले आहे: "चहा बशीत ओतून द्यावा, कपातून घेत नाही. कुकरच्या शिट्टीला घाबरतो, आधी सांगावे. रंकाळ्यावर नेल्यास हात सोडू नये." तसे एक पान आज रात्रीच लिहून फाईलमध्ये सर्वांत वर लावावे.