शाहू स्टेडियमवर मॅच बघायला जाताय? मग दंगा कुठपर्यंत चालतो ते वाचून जा

कोल्हापुरात फुटबॉलची मॅच म्हणजे तालमींची, म्हणजे पेठापेठांतल्या मंडळांच्या टीमची मॅच. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल... गॅलरीत बसलेला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या पेठेचा असतो, त्यामुळं "शांत बसा" असलं काही मी सांगणार नाही. ओरडा, घोषणा द्या, गेटवर सोडली तर हलगी वाजवा, समोरच्या गोलकीपरला मॅचभर हैराण करा. सगळं चालतंय.

फक्त चिडवायचं ते खेळावरनं. पेनल्टी बाहेर मारली तर हुर्यो उडवणं हा आपला हक्कच आहे, पण आई-बहीण, जात, रंग यावर घसरायचं नाही. इथं आफ्रिकन पोरंपण खेळून गेलीत, त्यांना बघून माकडाचे आवाज काढणं ही काय गंमत नाही, फिफाच्या पद्धतीत याला तीन पायऱ्या आहेत: आधी मॅच थांबवायची, मग काही वेळ टीम आत न्यायच्या, आणि तरी नाही थांबलं तर मॅचच बंद.

शिट्टीचं बऱ्याच जणांना माहीत नसतं. तोंडानं कितीपण मारा, पण रेफ्रीसारखी प्लॅस्टिकची शिट्टी खिशात नको. तिच्यामुळं खेळात गोंधळ झाला तर नियमानं रेफ्री खेळ थांबवतो आणि ड्रॉप बॉलनं, म्हणजे स्वतः बॉल खाली सोडून, परत सुरू करतो, म्हणजे आपलाच स्ट्रायकर एकटा गोलकडं पळत असताना तुम्ही वाजवली तर गेली मूव्ह! ग्राउंडवर काही फेकलं आणि खेळ अडला तरी तेच.

आणि फेकायचं म्हणजे काहीच फेकायचं नाही. "रिकामी बाटली होती ओ" हे सांगू नका, अर्धी भरलेली बाटली डोक्यात बसली की कळतंय. गोल झाल्यावर ग्राउंडात उडी मारणंपण नको, इंग्लंडमध्ये तर 1991 च्या कायद्यानं नुसतं विनापरवाना मैदानात शिरणंच गुन्हा आहे, हातात काय असो नसो.

मोठ्या मॅचला आत गेल्या गेल्या बाहेर पडायची वाट बघून ठेवा, बारकी पोरं सोबत असतील तर कडेला बसा. भांडण पेटलं तर गेटकडं पळायचं नाही, आडवं सरकायचं. 16 ऑगस्ट 1980 ला कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल या तिथल्या दोन क्लबांच्या मॅचला स्टँडमध्ये मारामारी झाली, लोक पळायला लागले आणि 16 जण घरी गेलेच नाहीत.

खरा राडा होतो तो मॅच संपल्यावर. जिंकलात तर आपल्या पेठेत गुलाल उधळा, पण सायलेन्सर काढलेल्या गाड्या घेऊन दुसऱ्या तालमीच्या दारातनं जायची गरजच काय? डिवचणारे स्टेटसपण तसलेच, रात्री टाकलेल्या स्टेटसवरनं सकाळी चौकात कॉलर धरली जाते. आणि एकदा गुन्हा दाखल झाला की पोलीस भरतीला किंवा पासपोर्टला चारित्र्य पडताळणीत ते वर येतंय, तेव्हा तालीम काय करणार?

शेजारचा दगड उचलताना दिसला तर त्याच्याशी वाद घालू नका, हात धरून खाली बसवा, आणि नाहीच ऐकलं तर तालमीतल्या जाणत्या माणसाला हाक मारा. पोलिसांचं न ऐकणारं पोरगंपण त्याच्यापुढं गप बसतंय.