मेंदूतली गाठ आणि एमआरआय : या चुका टाळा

"डॉक्टरसाहेब, एवढं बघा की. कॅन्सर तर न्हाई न्हवं?" राधानगरी, गडहिंग्लजकडून कोल्हापुरात आलेल्या नातेवाइकांच्या हातात बहुतेक वेळा मोबाईल असतो आणि त्यात ट्यूबलाइटसमोर धरून काढलेला फिल्मचा फोटो. जीव टांगणीला लागलेला असतो, हे कळतं. पण अशा फोटोवर मत मागू नका आणि कुणी दिलं तरी ते धरून बसू नका. सेंटरमधून सीडी मागून घ्या. फिल्मवर निवडक चित्रं येतात, सीडीत सगळी असतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे कॉन्ट्रास्टनंतर (शिरेतून दिलेल्या, गाठ उठून दाखवणाऱ्या औषधानंतर) कडेने चमकणारी गाठ दिसली की कॅन्सर म्हणून मोकळं होणं. आपल्याकडे टीबीची गाठ, फीतकृमीच्या अळीची गाठ आणि पू भरलेला फोडही असाच दिसू शकतो. इथे डिफ्युजन (पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणारा एमआरआयचा प्रकार) कामी येतं. घट्ट पुवात पाण्याच्या रेणूंना हलायला जागा नसते, म्हणून फोडाचा मधला भाग डिफ्युजनवर पांढराशुभ्र आणि एडीसीवर (त्याच हालचालीच्या मोजलेल्या नकाशावर) काळा दिसतो. ग्लायोब्लास्टोमाच्या (मेंदूतच सुरू होणाऱ्या आक्रमक कॅन्सरच्या) मधला मृत भाग बहुधा तसा दिसत नाही. रिपोर्टमधला 'बहुधा' कृपा करून गाळून वाचू नका. गाठीत रक्तस्राव झाला असेल तरी डिफ्युजन फसवतं. म्हणून एडीसी आणि एसडब्ल्यूआय (रक्तस्राव दाखवणारी चित्रं) सोबत पाहिलेच पाहिजेत.

परफ्युजनमध्ये गाठीतला रक्तपुरवठा मोजतात, भोवतालची सूज मात्र मोजायची राहून जाते. ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी त्या सुजेतही घुसलेल्या असतात, त्यामुळे तिथेही रक्ताचं प्रमाण वाढलेलं सापडू शकतं. दुसऱ्या अवयवातून आलेल्या कॅन्सरभोवती मुख्यतः पाणीच असतं. या तपासणीत औषध शिरेतून वेगाने जावं लागतं. बारीक इंट्राकॅथ (शिरेत बसवलेली नळी) असेल तर आलेख बिघडतो.

स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे गाठीतली रसायनं मोजणाऱ्या तपासणीत, मोजणीचा चौकोन कवटीच्या हाडाला चिकटून ठेवला तर आकडे भरवशाचे राहत नाहीत.

आणि स्टेरॉइड. लिम्फोमाची (पांढऱ्या रक्तपेशींच्या कॅन्सरची) शंका असताना बायोप्सीआधी (तपासायला गाठीचा तुकडा काढण्याआधी) ते दिलं तर गाठ आक्रसते आणि तुकड्यात निदान सापडेनासं होतं. सूज जीवघेणी असेल तर ते द्यावंच लागतं, पण निर्णय न्यूरोसर्जनला घेऊ द्या. गोळी आधीच चालू असेल तर स्कॅनआधी सांगा. स्वतःहून एकदम बंद करू नका.