ऊबदार पिवळ्या रंगसंगतीसोबत काम करताना

पॅकेजिंग डिझाइनच्या क्षेत्रात माझ्याकडे आंबा, मध, तूप, हळद अशा पदार्थांचीच कामे अधिक येत गेल्यामुळे ऊबदार पिवळ्याशी माझा संबंध सतत येत राहिला. नव्याने काम शिकणाऱ्यांना मी आधी हे सांगते, की पिवळा उजळ असतो तोवरच पिवळा राहतो. निळा कितीही गडद केला तरी तो निळाच दिसतो, पण पिवळ्यात काळा मिसळला की तो शेवाळी होऊ लागतो आणि खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर अशी मळकट छटा अजिबात चालत नाही. म्हणून गडद छटा हवी असेल तेव्हा काळ्याकडे न वळता केशरीच्या वाटेने तपकिरीकडे जावे. हळदी, पिकल्या हापूसचा पिवळा, केशरी, वीटकरी आणि शेवटी गडद तपकिरी अशी चढती पट्टी एकदा स्वतः रंगवून पाहावी. संगणकावर तयार पट्टी मिळत असली तरी हाताने रंग मिसळताना जी नजर तयार होते, तिला माझ्या मते पर्याय नाही.

अक्षरांच्या बाबतीत पिवळा फार काटेकोर आहे. शुद्ध पिवळा आणि पांढरा यांच्यातील कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातील फरकाचे प्रमाण, जेमतेम १.०७ : १ भरतो, आणि वेबवरील नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ अपेक्षित असतो, त्यामुळे पिवळ्यावर पांढरी अक्षरे घेण्याचा मोह टाळावा. काळी अक्षरे उत्तम वाचली जातात, परंतु पिवळ्यावर काळा म्हटले की टॅक्सीची नंबरप्लेट आणि धोक्याची पाटी आठवते. तुपाच्या बरणीसाठी मी त्याऐवजी गडद तपकिरी निवडते, कारण त्यात वाचनीयताही राहते आणि ऊबही.

खरी परीक्षा छपाईत होते. ऊबदार पिवळ्यासाठी यलो १०० टक्के आणि मॅजेंटा (गडद गुलाबी शाई) १५ ते २५ टक्के इथून सुरुवात करावी व सायन (निळसर शाई) शून्य ठेवावा, कारण सायनचा थोडा अंशही रंगाला हिरवट करतो. छपाईची पिवळी शाई पारदर्शक असते, हे नव्या डिझायनरांच्या सहसा लक्षात येत नाही. आंब्याची पेटी तपकिरी क्राफ्ट कागदाची असेल, तर कागदाचा रंग शाईतून वर येतो आणि स्क्रीनवर झळाळणारा पिवळा पेटीवर मातकट उतरतो. खाली पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो, त्याचा खर्च वाढतो, आणि तो ग्राहकाला आधीच सांगावा लागतो. खर्च परवडणारा नसेल, तर क्राफ्टवर पिवळ्याचा हट्ट सोडून गडद तपकिरी छापावा आणि पिवळा फक्त पांढऱ्या लेबलवर ठेवावा. हा मार्ग मला अनेकदा अधिक देखणाही वाटला आहे. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा तपासणीचा नमुना, मात्र प्रत्यक्ष वापरायच्या कागदावरच मागावे.

ते प्रूफ कोणत्या उजेडात पाहता, यालाही महत्त्व आहे. सुमारे २७०० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप) पिवळसर दिव्याखाली पिवळा दाट आणि केशरी भासतो, तर ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली तोच थंड दिसतो. वस्तू दुकानातील ट्यूबखाली विकली जाणार असेल, तर निर्णयही तशाच उजेडात घ्यावा.

रंगांचे प्रमाण शिकण्यासाठी पणजीतील फोंताइन्हास भागातून सावकाश फिरून यावे. तिथल्या पिवळ्या भिंतींना खिडक्या-दारांभोवतीच्या पांढऱ्या पट्ट्या आणि वरची लाल कौले सावरून धरतात. पिवळा भरपूर असूनही डोळे शिणत नाहीत. मी वेष्टनातही हेच प्रमाण राखते, म्हणजे पिवळा मोकळेपणाने, पांढरा कडेने आणि लालसर रंग अगदी थोडा.

कामाच्या शोधात असाल, तर पोर्टफोलिओत केवळ स्क्रीनवरची चित्रे न ठेवता एकच पिवळा आर्ट पेपर (गुळगुळीत लेप दिलेला कागद), साधा कागद आणि क्राफ्ट अशा तिन्हींवर छापून घ्यावा आणि प्रत्येकाखाली शाईचे प्रमाण लिहावे. मुलाखतीत मी उमेदवाराकडे असे नमुने आवर्जून मागते आणि त्यांतला फरक कशामुळे पडला, ते त्याच्याच तोंडून ऐकते.