पिटो ट्यूब बसवताना या चुका टाळा

सेन्सर चांगला, ऑटोपायलट चांगला, वायरिंग नीटनेटकं, आणि हवेतला वेग मोजायची नळी, म्हणजे पिटो ट्यूब, मात्र उरलेल्या जागेत कशीबशी चिकटवलेली. नवीन मंडळींच्या रिमोटच्या छोट्या विमानांत हे सारखं दिसतं. ट्यूबची जागा सगळ्यात आधी ठरवा. बॅटरी कुठेही सरकवता येते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे प्रॉपेलरच्या झोतात ट्यूब बसवणं. एका कॉलेजच्या टीमने नाकावर मोटर असलेल्या विमानात ती थेट फ्यूजलाजवर, म्हणजे विमानाच्या धडावर, लावली होती. जमिनीवर थ्रॉटल दिला की लॅपटॉपवर वेग दिसायचा आणि सेन्सर चालतोय म्हणून पोरं खूश. अरे, विमान जागेवर उभं आहे आणि वेग कसला दाखवतंय? ट्यूब पंखावर न्या म्हटलं, तर पंखातून नळी ओवायला वेळ नव्हता, स्पर्धा दुसऱ्या दिवशी होती. मॅन्युअलमध्ये विमान छान उडालं. ऑटोवर टाकलं आणि झोताचा वेग विमानाचाच समजून ऑटोपायलटने थ्रॉटल मागे घेतला. खरा वेग आधीच कमी होता. पहिल्याच वळणावर आतला पंख स्टॉल झाला, म्हणजे त्याची उचल गेली, आणि विमान गरगरत शेतात गेलं. एका संध्याकाळचं काम वाचवायला अख्ख्या सेमिस्टरची मेहनत गेली. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

मोटर पुढे असेल तर मी ट्यूब पंखाच्या बाहेरच्या अर्ध्या भागात लावतो, प्रॉपेलरच्या वर्तुळापासून चांगली लांब. मोटर मागे असेल तर नाकाइतकी चांगली जागा दुसरी नाही.

दुसरी चूक बाजूच्या बारीक भोकांची. पुढच्या भोकात वाऱ्याचा एकूण दाब येतो, बाजूच्या भोकांतून स्थिर दाब, आणि सेन्सर त्यातला फरक मोजतो. सेकंदाला 15 मीटर वेगाला हा फरक जेमतेम 138 पास्कल असतो. 10 मीटरला तर 61. एवढ्याशा दाबात थोडीही गडबड चालत नाही. ट्यूब पंखात खूप आत खोचली की भोकं पंखाच्या पुढच्या कडेला टेकतात. तिथे हवा अडते, स्थिर दाब जास्त येतो आणि वेग कमी दिसतो. भोकं कडेच्या बोटभर तरी पुढे मोकळी हवीत. त्यांवर टेप किंवा गोंद येऊ देऊ नका.

आणि जागा चुकली म्हणून आर्डूपायलटमध्ये (ऑटोपायलटचं सॉफ्टवेअर) एआरएसपीडी रेशो, म्हणजे दाबावरून वेग काढायचा गुणक, बदलत बसू नका. हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. झोताचा जोर थ्रॉटलप्रमाणे बदलतो, एक आकडा त्याला कसा पुरेल? आधी जागा सुधारा, मग घिरट्या घालत ऑटोकॅल करा, म्हणजे हा गुणक सॉफ्टवेअरलाच उडताना काढू द्या.

ट्यूबपासून सेन्सरकडे जाणाऱ्या दोन नळ्या उलट जोडल्या जातात, त्यांना रंगीत टेप लावा.

पंख बसवताना नळी दुमडते. पंख लागल्यावर पुन्हा तपासा.

बॅटरी जोडताना ट्यूबवर सैल टोपी हवी, कारण सेन्सर तेव्हाच आपलं शून्य ठरवतो, नाहीतर वाऱ्याचा दाबच शून्य धरला जातो. टोपी काढून भोकासमोर हलकी फुंकर मारा, आकडा वाढलाच पाहिजे. तोंड लावून जोरात फुंकू नका.

विमान ठेवून देतानाही टोपी घाला. कुंभारमाशीला असली भोकं फार आवडतात. 1996 मध्ये डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताजवळ बिर्गेनएअर या विमान कंपनीचं बोइंग 757 कोसळलं आणि 189 जण गेले. पिटो ट्यूब बंद झाली होती, आणि संशय अशाच माशीच्या घरट्यावर होता.