कुंपणाचा खर्च अंदाजपत्रकात धरला का? कृषी प्रकल्पांतील सेफगार्ड सांभाळण्याची रीत

बाहेरच्या कर्जातून किंवा अनुदानातून चालणाऱ्या कृषी प्रकल्पात ‘सेफगार्ड’ (निसर्गाचे आणि माणसांचे नुकसान टाळण्यासाठीच्या अटी) हा शब्द तालुक्यापर्यंत पोहोचतो तो बहुधा छापील तक्त्याच्या रूपाने, आणि तोही कामाला तांत्रिक मान्यता मिळून गेल्यानंतर. ‘झाडे तोडावी लागतील का’, ‘कोणाचे विस्थापन होईल का’ या प्रश्नांपुढे एका बैठकीत ओळीने ‘नाही’ लिहिले जाते आणि फाईल पुढे सरकते. पुढील मजकूर त्या तक्त्याच्या आधी करायच्या कामाविषयी आहे. प्रकल्पामुळे पाणी, माती, जंगल आणि गावातली दुबळी घरे यांचे नुकसान होऊ नये म्हणून समूह सहायकाने (प्रकल्पाच्या गावपातळीवरच्या कर्मचाऱ्याने), संस्थेच्या कार्यकर्त्याने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या व्यवस्थापकाने काय पाहावे, केव्हा पाहावे आणि कोणाला विचारावे, एवढाच त्याचा आवाका आहे. उदाहरणे मुख्यतः मराठवाडा-विदर्भातली आहेत, कारण जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पामुळे, म्हणजे ‘पोकरा’मुळे, ही शब्दावली तिथल्या गावांना परिचयाची झाली आहे.

ही अटींची भानगड परदेशी अधिकाऱ्यांच्या हौसेतून आली, असा एक समज आहे. तो खरा नाही. सरदार सरोवराच्या कर्जावरून नर्मदाकाठच्या मणिबेलीसारख्या गावांनी जो लढा दिला, त्यानंतर जागतिक बँकेला १९९१ मध्ये प्रकल्पाची स्वतंत्र तपासणी करणारी मोर्स समिती नेमावी लागली, १९९२ मध्ये तिचा प्रतिकूल अहवाल आला आणि १९९३ मध्ये भारत सरकारने कर्जाची उरलेली रक्कम नाकारली. त्याच वर्षी बँकेने बाधितांची तक्रार थेट ऐकणारे स्वतंत्र निरीक्षण मंडळ स्थापले. बँकेची सध्याची दहा पर्यावरण व सामाजिक मानके ऑक्टोबर २०१८ पासून लागू आहेत. त्यांच्यामागच्या इतिहासात आपल्याच सातपुड्यातल्या माणसांचा वाटा आहे.

पहिले काम शिवार फेरीचे, आणि ती अंदाजपत्रक तयार होण्याआधी व्हायला हवी. गाव नकाशा बरोबर घ्यावा. सरपंच आणि प्रगतिशील शेतकरी यांच्याखेरीज मेंढ्या चारणारा, पाणी आणणारी बाई आणि तांड्यावरचा एखादा शेतमजूर यांनाही बरोबर न्यावे. एका तालुक्यात नाला खोलीकरणाचे काम मी पूर्ण झाल्यावर पाहिले. तक्त्यातले प्रत्येक ‘नाही’ खरे होते : झाड तुटले नव्हते, जमीन गेली नव्हती, घर हलले नव्हते. पण जेसीबीने नाल्याचे काठ उभे कापले होते, आणि पलीकडच्या वस्तीची गुरे ज्या उतारावरून रोज ये-जा करीत तो उतारच नाहीसा झाला होता. पाण्याला येणाऱ्या बायकांना दीड किलोमीटरचा वळसा पडू लागला. फेरीत त्या वस्तीवरचे एक जरी माणूस असते, तरी दोन ठिकाणी उतरता काठ ठेवण्याची सूचना आली असती आणि त्यासाठी वेगळा पैसाही लागला नसता. म्हणून प्रत्येक जागी थांबून तीन प्रश्न विचारावेत : इथून कोण जाते, इथे कोण चारते, आणि इथले पाणी अडवले तर खाली कोणाचे कमी होते? उत्तरे जागेवर, सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून घ्यावीत. तक्ता त्यानंतर भरावा.

शेततळ्याकडे सर्वांत बारकाईने पाहावे लागते, कारण ते दिसायला निरुपद्रवी आणि मागणी तर मोठी. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल अशा एकास एक उताराच्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते, म्हणजे दहा हजार लिटरचे २२० टँकर. हे पाणी पावसाच्या अपधावेचे, म्हणजे शिवारातून वाहून जाणारे, असेल तर उत्तम; पण तेच बोअरमधून उपसून वर साठवले जात असेल, तर सगळ्या गावाच्या भूजलाचे एका शेतकऱ्याच्या नावावर हस्तांतर होते आणि वर त्यातले काही उन्हात उडून जाते. उन्हाळ्यात दररोज ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तरी या एका तळ्यातून रोज सात हजार लिटरच्या आसपास पाणी जाते. तळे कशाचे आहे हे कागदावरून कळत नाही, जागेवर मात्र चटकन कळते. अपधावेच्या तळ्याला चढाच्या बाजूने पाणी आत घेण्याची वाट असते, तिच्यापुढे गाळ अडवणारा खड्डा असतो आणि दुसऱ्या अंगाने जादा पाणी जाण्यासाठी सांडवा असतो. चारही बाजूंनी अखंड बांध, आत प्लॅस्टिक आणि बांधावरून आत सोडलेला पाईप दिसला, की ती साठवण टाकी समजावी. अशा मागणीला मंजुरी देण्याआधी गावाच्या पाण्याचा ताळेबंद आणि त्या पाणलोटाची भूजल सर्वेक्षण यंत्रणेने ठरवलेली वर्गवारी पाहावी. पाणलोट अतिशोषित असेल, म्हणजे मुरते त्याहून जास्त पाणी उपसले जात असेल, तर शिफारस करू नये. नव्या विहिरीच्या बाबतीत सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासूनचे ५०० मीटरचे अंतर टेपने मोजावे, अंदाजाने लिहू नये, आणि २००९ च्या भूजल अधिनियमाने ६० मीटर व त्याहून खोल विहिरींवर घातलेले निर्बंध अर्जदाराला आधीच समजावून सांगावेत.

याच तळ्याची दुसरी बाजू जिवाची आहे. प्लॅस्टिक ओले झाले की त्यावर पाय ठरत नाही. पोहता येणारा माणूसही त्या उतारावरून वर येऊ शकत नाही, मग गुरे राखणाऱ्या पोरांचे काय सांगावे! उपाय महागडे नाहीत : चारी बाजूंनी तारेचे कुंपण, कुलूप लागणारे फाटक, प्रत्येक काठाला खुंटीशी बांधून पाण्यात सोडलेला गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब. प्रश्न असतो पैसे कोणाचे, हा. पर्यावरण व सामाजिक व्यवस्थापन आराखड्यात उपाय, जबाबदार व्यक्ती आणि मुदत हे रकाने नीट भरलेले असतात, फक्त खर्चाचा रकाना कोरा असतो, आणि कोऱ्या रकान्याचे काम होत नाही. कुंपण ही अंदाजपत्रकातली स्वतंत्र बाब असावी आणि ती पूर्ण झाल्याचे छायाचित्र आल्याशिवाय अनुदानाचा शेवटचा हप्ता सोडू नये. लाभार्थ्यावर हे जाचक आहे अशी कुरकूर होते. ती ऐकून घ्यावी आणि अट कायम ठेवावी.

कीटकनाशकांच्या बाबतीत २०१७ चा खरीप विसरता येत नाही. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. पीक वाढलेले, मिश्रणे मनाने केलेली, अंगावर साधा सदरा, आणि फवारणारा बहुधा रोजंदारीवरचा, ज्याला डब्यावरचे काही वाचायला कोणी सांगितले नव्हते. प्रकल्प एखाद्या औषधाला थेट पैसे देत नसला, तरी ठिबक, बियाणे आणि प्रात्यक्षिके यांमुळे पीक वाढते आणि त्यामागोमाग फवारणीही वाढते. ती जबाबदारी झटकता येत नाही. खरेदीच्या यादीतून जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘१ अ’ व ‘१ ब’ या सर्वांत विषारी वर्गांतली औषधे आधीच काढून टाकावीत. गावात ओळखण्याची सोपी खूण म्हणजे डब्यावरचा लाल त्रिकोण. शेतीशाळेत फवारणीच्या तारखा देण्याऐवजी आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे कीड किती झाली की फवारणी परवडते ते, शिकवावी : गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात (गंधाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आले तरच फवारणीचा विचार. प्रशिक्षणाला जमीनमालक येतो आणि पंप पाठीवर घेतो दुसराच. म्हणून मजुरांचा वर्ग वेगळा आणि संध्याकाळी घ्यावा.

सामाजिक बाजूची खरी कसोटी सामाईक जमिनीवर लागते. सातबाऱ्यावर ‘गायरान’ लिहिले आहे म्हणून ती मोकळी आहे असे धरू नये. मराठवाड्यात कित्येक गायराने भूमिहीन दलित कुटुंबे पिढ्यानपिढ्या कसत आली आहेत आणि त्यांची नावे कागदावर असतीलच असे नाही. वृक्षलागवडीसाठी चराई बंद करायची असेल, तर मेंढपाळ वर्षातून दोनच महिने येतात हेही लक्षात घ्यावे. ते नसताना घेतलेला ठराव त्यांना बांधील धरता येत नाही. भूमिहीनांना शेळ्या द्यायच्या आणि त्याच गावात चराईबंदी करायची, असे दोन्ही ठराव एकाच इतिवृत्तात मी वाचले आहेत. जमीन कोणी स्वेच्छेने देत असेल, तर ती थोडी असावी, देणाऱ्याच्या उपजीविकेला धक्का लागू नये, नकार देण्याची मोकळीक त्याला खरोखर असावी आणि घरातल्या बाईची संमती वेगळी विचारून लेखी घ्यावी. वनहक्क कायद्याखाली छोट्या जलसाठ्यासाठी वनजमीन वळवता येते ती १ हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तुटणार नसतील आणि ग्रामसभेची शिफारस असेल तरच. कामावर मुले नसावीत आणि स्त्री-पुरुषांना समान मजुरी मिळावी, हे ठेकेदाराच्या करारातच लिहावे.

तक्रारपेटी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावली की निवारण यंत्रणा उभी राहिली, असे मानले जाते. पेटीची किल्ली ज्याच्याकडे, त्याच्याविरुद्ध त्या पेटीत चिठ्ठी कोण टाकणार? निनावी तक्रार घेणारा तालुक्याबाहेरचा दूरध्वनी क्रमांक कामाच्या फलकावर रंगवावा, तोंडी तक्रारही नोंदवहीत उतरवावी, मुदत ठरवून उत्तर द्यावे आणि ते काय दिले हेही लिहावे. वर्षभर नोंदवही कोरी राहिली, तर अहवालात ‘तक्रारी निरंक’ असे लिहिण्याआधी वस्तीवर एक चक्कर मारावी. बँकेच्या प्रकल्पात बँकेकडे दाद मागूनही समाधान झाले नाही, तर दोन किंवा अधिक बाधित एकत्र येऊन थेट तिच्या निरीक्षण मंडळाकडे जाऊ शकतात, हेही लोकांना सांगून ठेवावे. अधिकाऱ्यांना ते आवडणार नाही.

शेवटची भेट काम संपल्यावर लगेच न घेता पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर घ्यावी. तळ्यात पाणी कोणत्या बाजूने आले, गाळाचा खड्डा भरला का, सांडव्याचे पाणी शेजाऱ्याच्या बांधावर तर गेले नाही ना, हे त्याच वेळी कळते. फाटकाचे कुलूप आणि पाण्यातला दोर जागेवर आहे का, हे हाताने ओढून पाहावे. दोर बहुतेक वेळा बैलाला बांधलेला सापडतो.