बुन्कासाईच्या बँडची गाणी ठरवण्याआधी

शाळेचा बुन्कासाई, म्हणजे जपानी शाळांचा सांस्कृतिक महोत्सव, सप्टेंबरात असेल, तर गाणी जुलैत, उन्हाळी सुट्टी लागायच्या आत ठरली पाहिजेत. सुट्टी बसवायला आहे, निवडायला नाही. तोक्योतल्या मराठी घरांतली मुलं हायस्कूलला गेली की केइओन्-बूत, म्हणजे शाळेच्या बँड-क्लबात नाव घालतात आणि मग मला विचारतात, ताई, कुठली गाणी घेऊ? गाण्यांची नावं पुढे देते. त्याआधी एक काम करा: जी कोणी गाणार आहे तिची पट्टी काढा. गाणं आवडलं, सगळ्यांना येतं, गिटारवाल्याने घरी बसवलंसुद्धा, हे सगळं पट्टीनंतर.

घरात पेटी असली तर उत्तमच, नाहीतर फोनवरचा कीबोर्ड चालेल. गाणारीला उभं करा, स्टेजवर गाईल तेवढ्या जोरात गाऊ द्या. सर्वांत वरचा कुठला सूर तीनदा सलग नीट लागतो ते लिहा. मग सर्वांत खालचा कुठला सूर जोर कायम ठेवून ऐकू येतो, तेही लिहा. दोन्ही लिहा. जपानी मुलं हे सूर मिड-२-जी, हाय-ए अशा नावांनी सांगतात, आणि गाण्यांच्या वरच्या-खालच्या सुरांच्या याद्याही त्याच नावांनी मिळतात. हाय-ए म्हणजे पेटीवरची ती पांढरी सहा, जिची कंपनसंख्या 440 असते. एवढं एक लक्षात ठेवलं की बाकीचं मोजता येतं.

कराओकेत जमलं म्हणजे जमलं, असं धरू नका. तिथे प्रतिध्वनी चढवलेला असतो, खोली छोटी असते, मागून मूळ चाल वाजत असते, आणि कुणीतरी मशीनवर पट्टी दोन घरं खाली केलेली असते हे कुणाच्या ध्यानातही नसतं. स्टुडिओत, ड्रमच्या शेजारी, माइकवर गाऊन बघा.

वरचा सूर सगळेच बघतात. राहतो तो खालचा. आमचा राहिला होता. मूळ गायक पुरुष, आमची गाणारी मुलगी. साबी, म्हणजे गाण्याचा चढता मुखडा, तिने झकास उचलला. पण कडव्यात तिचे ओठ हलताना दिसत होते आणि ऐकू येत होते फक्त ड्रम आणि माझा बेस. माइक वाढवला तर शिट्टी वाजायला लागली. जपानी रॉकमध्ये कडवं बरेचदा खाली, जवळजवळ बोलल्यासारखं असतं आणि साबी एकदम वर उडी मारते. म्हणून पुरुषाचं गाणं मुलगी मूळ पट्टीत गाते तेव्हा साबी ऐकून सगळे खूश होतात आणि कडवं कोणी तपासतच नाही. तुम्ही तपासा. शाळेच्या जिममध्ये ड्रमचा आवाज छताला आपटून परत येतो, खालच्या सुरांना तिथे थारा नसतो.

शेवटची साबीही तपासा. बऱ्याच गाण्यांत ती अर्धा किंवा एक स्वर चढून येते, आणि तोवर दम संपत आलेला असतो. पहिली साबी जमली एवढ्यावर गाणं पक्कं करू नका.

पट्टी बदलू ना मग, असं गिटारवाले म्हणतील. चढवायची असेल तर कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवर तारा दाबून धरणारी चिमटी, लावून बहुतेक वेळा निभावतं. बेसवाल्याला मात्र सगळं नव्याने बसवावं लागतं. उतरवायची असेल तर अर्धा स्वर ठीक, सगळ्यांनी तारा अर्धा स्वर सैल करायच्या. एक पूर्ण स्वर उतरवलं की तारा ढिल्या पडतात. तारा तशाच ठेवून नुसती बोटं सरकवलीत, तर मोकळ्या तारांवर बांधलेले रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, मोडतात आणि बेसची सर्वांत खालची मोकळी तार ज्या सुरासाठी होती तो सूरच हातात राहत नाही. त्याहून जास्त उतरवावं लागत असेल तर ते गाणं सोडा, दुसरं घ्या. हे जुलैत कळलं तर काही बिघडत नाही. ऑगस्टच्या शेवटी कळलं तर बेसवाल्याची सुट्टी वाया गेली.

आता गाणी. द ब्लू हार्ट्सचं 1987 चं ‘लिंडा लिंडा’ आणि मोंगोल 800 चं 2001 चं ‘चीसाना कोइ नो उता’ ही दोन बुन्कासाईत अजूनही वाजतात, आणि त्याला कारण आहे: कॉर्ड मोजके, साबी सगळ्यांच्या तोंडात, आणि ज्याने वर्षभरापूर्वी गिटार हातात घेतली त्यालाही झेपतात. मोंगोल 800 ओकिनावाचा बँड, हे गाणं केलं तेव्हा तिघांचा, त्यामुळे माणसं कमी असतील तरी गाणं पोकळ वाटत नाही. दोन्हींचे गायक पुरुष. गाणारी मुलगी असेल तर कडव्याचा खालचा सूर बघा, पुन्हा सांगते. तिघी मुली असाल तर चॅटमॉन्ची ऐका. त्यांचं ‘शांग्रि-ला’ मुळातच मुलीच्या आवाजासाठी आहे, ही अर्धी लढाई. एशियन कुंग-फू जनरेशनचं 2004 चं ‘रिराइट’ दोन गिटार असतील तर फार सुंदर उभं राहतं, पण साबीला ओरडावं लागतं; तुम्ही वाजवणार त्या तीन गाण्यांत ते पहिलं ठेवू नका, गळा जातो. रॅडविम्प्सचं ‘झेन्झेन्झेन्से’ 2016 पासून सगळ्यांना हवं असतं. त्याची गती मिनिटाला 190 ठोक्यांच्या आसपास आहे. ड्रमवाल्याला आधी विचारा, आणि तो हो म्हणाला तरी सलग दोनदा वाजवून घ्या. केस्सोकु बँडची 2022 ची गाणी मुलीच्या आवाजाला जवळची आहेत, पण मुख्य गिटार अवघड आहे. ‘गॉड नोज’चंही तेच. गिटारवाल्याला आवडतं आणि गिटारवाल्याला येतं, यात फरक आहे. हिगेदान किंवा किंग नू या बँडांची वरच्या पट्टीतली गाणी मुलगे हट्टाने घेतात. घ्या, पण वरचा सूर पाठोपाठ तीनदा लागत असेल तरच.

नव्या गाण्यांत मागे सिंथ आणि कोरस रेकॉर्डवरून सोडलेले असतात. ते काढून टाकल्यावर गाणं उभं राहतं का, हे फक्त चौघांनी वाजवून बघा. रेकॉर्ड सोडायचं ठरवलंत तर ड्रमवाल्याच्या कानात क्लिक, म्हणजे ठेका धरणारी टिकटिक, लागते, आणि ती सोय शाळेत आहे का हे आधी विचारा.

तीन गाण्यांना तीन ट्युनिंग नकोत. तुम्हाला मिळालेल्या वेळात चढणं, तारा लावणं, बोलणं, उतरणं सगळं येतं. त्यामुळे सगळी गाणी एकाच ट्युनिंगमध्ये बसवा. बँडस्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं छापील नोटेशन, विकत घ्या, ऐकून लिहिलेल्या फुकटच्या कागदांत चुका असतात. आणि स्कोअरवर छापलेली पट्टी मूळ गायकाची असते, तुमच्या गाणारीची नव्हे.

शब्द शिक्षकांना आधी दाखवा. जॅझकोरस अ‍ॅम्प असेल तर आवाज स्वच्छ येतो, डिस्टॉर्शनचं पेडल आपलं न्या. जादा तारा, पिक, ट्यूनर, बॅटरी. पाणी. प्रवेश फुकट, कमाई नाही, वाजवणाऱ्यांना मानधन नाही, असं असेल तर जपानच्या कॉपीराइट कायद्याच्या 38 व्या कलमाप्रमाणे वाजवायला परवानगी लागत नाही. व्हिडिओ इंटरनेटवर टाकणं हा वेगळा विषय आहे, आणि मूळ रेकॉर्डिंग त्यात वाजत असेल तर टाकूच नका.

क्रम ठरवताना सर्वांत वरच्या सुराचं गाणं मधे ठेवा. आणि यादी क्लबात देण्याच्या आदल्या दिवशी तिन्ही गाणी एका दमात, उभ्याने, ड्रमसकट गाऊन घ्या. कडवी ऐकायला एक माणूस खोलीच्या पार मागे उभा करा.